जवाच्या पाण्याची कैफियत

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या मुलुंडच्या घरात तांदूळ भिजत पडतात. तीन दिवस त्यांचा मुक्काम पाण्यात. रोज जुने पाणी ओतून नवे घालायचे. चौथ्या दिवशी उपसून पंचावर पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे, गूळ घालून मळायचे आणि तो गोळा डब्यात दाबून झाकण लावायचे. पुढे त्या बंद डब्यात काय कारभार चालतो तो डब्यालाच ठाऊक! पाच-सहा दिवसांनी झाकण उघडावे तो एक गोडसर, किंचित आंबूस दरवळ नाकाशी येतो. सौ. म्हणते, "पीठ छान मुरलं हो!" मी घाटकोपरच्या एका शाळेत तेहतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे मनातल्या मनात म्हणतो, "किण्वन झाले." आणि सरकार? सरकार काहीच म्हणत नाही. अनारशांच्या पिठाचा पंचनामा झाल्याचे अजून माझ्या ऐकिवात नाही.

परंतु याच ओट्यावर, याच पातेल्यात, तांदळाऐवजी मोड आणून वाळवलेले जव भरडून मी गरम पाण्यात मुरवले, ते गोड पाणी गाळून उकळले, निववून त्यात चिमूटभर यीस्ट सोडले आणि पंधरा दिवस झाकून ठेवले, तर मी गुन्हेगार ठरतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने (त्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे) १२ व्या कलमात मद्य तयार करण्यास मनाई केली आहे, आणि ६५ वे कलम त्याबद्दल कारावास व दंड सांगते. तेवढ्यावर भागत नाही. मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी वा उपकरणे बाळगणे हाही त्याच कलमाखाली अपराध आहे. आता बियरची ही उपकरणे कोणती म्हणाल, तर एक मोठे पातेले, एक तापमापी, एक रबरी नळी, घट्ट झाकणाचा एक डबा आणि गाळायला फडके! हा मुद्देमाल मुंबईच्या कोणत्या घरात सापडणार नाही? उणीव असते ती फक्त हेतूची. आणि हेतू नावाची वस्तू पंचांसमक्ष मोजून कशी सीलबंद करतात, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

गंमत पुढेच आहे. हेच सरकार मला बियर प्यायला ना म्हणत नाही. वयाची एकवीस वर्षे पुरी झालेल्या माणसाने पाच रुपये टाकून एका दिवसाचा परवाना घ्यावा, किंवा हजार रुपये टाकून जन्माचा घ्यावा, आणि खुशाल दुकानातून बाटली आणावी. ज्याला ताजी हवी त्याच्यासाठी २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, आणि तिथल्या तिथे बियर बनवून तिथल्या तिथे विकण्याची वाट या राज्यात रुळली. आज अंधेरीत काचेपलीकडे पोलादाचे चकचकीत हंडे मांडून बसलेली अशी ठिकाणे आहेत. तिथे पेल्याची किंमत वाचूनच आमच्यासारख्या पेन्शनरांची नशा उतरते. म्हणजे पाहा: प्यायची आहे, परवाना मिळेल, विकायची आहे, परवाना मिळेल, विकण्यासाठी बनवायची आहे, त्यालाही मिळेल. फक्त आपल्या घरी, आपल्या हाताने, आपल्यापुरती बनवायची म्हटले, तर त्याला परवानाच नाही! माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी या दिवाळीत, फराळाचे ताट समोर ठेवून, सुज्ञ वाचकांच्या दरबारात मांडणार आहे.

अबकारी खात्याचे, म्हणजे हल्लीच्या भाषेत राज्य उत्पादन शुल्क विभागाचे, कोणी वाचक असतील तर त्यांना आरंभीच सांगून ठेवतो की मुलुंडमध्ये मी बियरचा एक थेंबही बनवलेला नाही. जे काही केले ते सातासमुद्रांपलीकडे, जिथे ते कायदेशीर आहे तिथे. त्याची हकीकत अशी.

आमची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. जावईबापू मूळचे डोंबिवलीचे. दिवसभर संगणकापुढे बसून डोळे शिणले की शनिवारी गॅरेजमध्ये शिरतात. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आम्ही दोघे तिकडे गेलो असता त्यांनी मला आत बोलावले. "बाबा, तुम्ही रसायनशास्त्राचे. जरा तापमानाकडे लक्ष ठेवता का?" पाहतो तो एक भले मोठे पातेले, त्यात पाच-एक किलो भरडलेले जव आणि पाणी. पाण्याचे तापमान सदुसष्ट अंशांच्या आसपास तासभर धरायचे होते. फार तापले तर जवातले पाचक द्रव्य मरते, फार निवले तर ते आळसावते. जव आधी भिजवून मोड आणलेले, मग वाळवून भाजलेले. त्याला माल्ट म्हणतात. मी सौ.ला हाक मारली. तिने एका दृष्टिक्षेपात निकाल दिला, "हे तर आपलं नाचणी सत्त्वच की!" आणि ते अगदी खरे आहे. नातवासाठी नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळणारी प्रत्येक आजी माल्टच करत असते. मोड फुटला की दाण्यात अमायलेज जागे होते आणि पिठाचे साखरेत रूपांतर करू लागते. म्हणूनच ते बाळाला पचते, आणि म्हणूनच ते यीस्टलाही पचते.

हे अमायलेज मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि डस्टरने पुसले. त्या दिवशी जावईबापूंनी बशीत त्या पाण्याचा थेंब घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब टाकला; तो गर्द निळा झाला, म्हणजे पीठ अजून शिल्लक होते. वीस मिनिटांनी पुन्हा टाकला, निळाई फिकी झाली. तासाभराने टाकला, तेव्हा आयोडिनचा तांबूस रंग तसाच राहिला. पीठ संपले होते. सगळी साखर झाली होती. वाचकहो, सांगायला संकोच वाटतो, पण साठी उलटलेल्या त्या मास्तराचे डोळे त्या थंड गॅरेजमध्ये ओले झाले. जे जन्मभर शिकवले ते त्या दिवशी प्रथम घडताना पाहिले!

पुढे ते गोड पाणी गाळून तासभर खळखळा उकळायचे आणि त्यात हॉप नावाच्या वेलीची वाळलेली कडू फुले टाकायची. दीड-दोन मुठी वीस लिटरांना पुरतात. कडूपणाने गोडवा तोलला जातो आणि नासवणाऱ्या जंतूंनाही काही अंशी पायबंद बसतो. यानंतर खरी परीक्षा. उकळते पाणी होईल तितके लवकर निववायचे. रेंगाळले तर कोमट पाण्यात भलतेच जंतू आधी घर करतात, आणि उकडलेल्या मक्यासारखा एक वास राहून जातो. यासाठी तांब्याच्या नळीचे एक वेटोळे त्या पातेल्यात बुडवतात आणि नळीतून थंड पाणी खेळवतात. जानेवारीतले न्यू जर्सीच्या नळाचे पाणी हाताला चावत होते. वीस मिनिटांत पातेले गार झाले.

मी मनातल्या मनात तेच वेटोळे मुलुंडच्या नळाला लावून पाहिले. आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी ऑक्टोबरच्या दुपारी अंघोळीला वेगळे तापवावे लागत नाही. ज्या पाण्याने निववायचे त्यापेक्षा खाली तापमान जात नाही, हा सृष्टीचा नियम. तिशीच्या पाण्याने विशी गाठता येत नाही. हे माणसाच्या वयालाही लागू आहे! तेव्हा मुंबईकराने आधी नळाच्या पाण्याने निम्मी उष्णता काढावी, मग मासळीबाजारातून बर्फाची लादी आणून टबात फोडावी, आणि त्या बर्फातून दुसरे वेटोळे नेऊन ते पाणी खेळवावे, असा तोडगा मी कागदावर काढून ठेवला आहे. कागदावर काढणे अद्याप ६५ व्या कलमात येत नसावे.

आमची बियर लागर जातीची होती. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवण. तिचे यीस्ट थंडीत काम करणारे. दहा-बारा अंशांवर पंधरा दिवस सावकाश खपत राहते. मग दोन-तीन दिवस सतरा-अठरा अंशांवर आणायचे, म्हणजे मधल्या काळात तयार झालेला लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच खाऊन टाकते. आणि मग शून्याच्या आसपास चार ते सहा आठवडे नुसते ठेवून द्यायचे. त्यासाठी जावईबापूंनी एक जुना फ्रिज घेऊन त्याला तापमान राखणारी कळ बसवली होती. डब्याच्या झाकणात पाणी भरलेली एक वाकडी नळी असते. आतला वायू तिच्यातून बुडबुड करीत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. त्या बुडबुड्यांकडे आम्ही सासरे-जावई तासन्‌तास पाहत बसत असू.

हे सारे विज्ञान बियरनेच जगाला दिले आहे, हे मी शाळेत कधी सांगितले नाही याचे आज वाईट वाटते. पाश्चरने १८७६ साली बियरच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ साली एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, आणि ते त्या कारखान्याने स्वतःपाशी दडवून न ठेवता इतरांना वाटले. कार्ल फोन लिंडेने १८७० च्या दशकात शीतयंत्रे उभारली ती आधी बियरच्या कारखान्यांसाठी. ज्या फ्रिजमध्ये तुमचे श्रीखंड गार होत आहे, त्याच्या वंशावळीत बियरचे हे घराणे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आणि मी ती बियर प्यालो का? नाही! ती साठवणीत असतानाच आमची परतीची तारीख आली. सहा आठवड्यांनी मुलीचा फोन आला, "बाबा, तुमची बियर झाली. थोडी पातळ आहे, पण अगदी स्वच्छ उतरली आहे." मला अगदी अपत्य परदेशी वाढल्यासारखे वाटले. तेव्हा जे म्हणतील की मास्तरांना म्हातारपणी प्यायची लहर आली आहे, त्यांना माझे हे उत्तर. पिण्याची सोय मला मुलुंड स्टेशनसमोर आहे. मला हवा आहे तो करण्याचा अधिकार.

आता पूर्वपक्ष मांडतो, कारण तो दुबळा नाही.

आमचे एक स्नेही, निवृत्त अधिकारी, रोज सकाळी फिरायला बरोबर असतात. ते म्हणाले, "अहो, आपल्या संस्कृतीत हे बसतं का? घरात, देवघराशेजारी?" मी त्यांना कौटिल्याकडे पाठवले. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. सुरेच्या व्यवहारावर त्याची देखरेख इतकी कडक की आजच्या खात्याने शिकवणी लावावी. पण त्याच प्रकरणात कौटिल्य गृहस्थांना मुभा देतो: घरच्या विशेष प्रसंगी त्यांनी श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे, आणि उत्सव, यात्रांच्या वेळी चार दिवस मोकळीक असावी. सुरा आणि तिचे किण्व निवडण्याचे काम स्त्रिया-मुलांकडे सोपवावे, असेही तो सांगतो. किण्व म्हणजे तेच, ज्यावरून माझ्या पाठ्यपुस्तकाने किण्वन हा शब्द घेतला. कौटिल्य काही भाबडा नव्हता; खजिन्याचा पै-पैसा मोजणारा तो मनुष्य. तरीही घरासाठी करणे आणि विकण्यासाठी करणे यांतला भेद त्याला दिसत होता.

हा भेद पुसला तो इंग्रजाने, आणि महसुलासाठी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडापासून भट्टीपर्यंत सर्वांवर मक्त्याची व कराची साखळी घातली. तेवढ्याने भागेना, म्हणून १८९२ साली मोहाच्या फुलांचाच कायदा केला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आज आपण ज्यांना उपनगरे म्हणतो ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होती. म्हणजे या मातीत एके काळी झाडावरून गळून पडलेले फूल वेचून साठवणेही सरकारच्या नजरेत संशयास्पद होते! घरचे बंद झाले, मक्तेदाराचे चालू राहिले. पिणे काही थांबले नाही. फक्त कोण बनवतो आणि त्यात काय घालतो, हे पिणाऱ्याला दिसेनासे झाले.

स्वराज्य आले. मोरारजीभाईंच्या हेतूविषयी मला शंका नाही. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातही मादक पेयांच्या बंदीचे ध्येय आहे, आणि ते लिहिणारी माणसे तुमच्या-माझ्यापेक्षा थोर होती. पण १९४९ च्या कायद्याचा अतिरेक असा की औषधे आणि अत्तरपाण्यासारखी प्रसाधने यांवरचा त्याचा अंमल सर्वोच्च न्यायालयाला १९५१ साली बालसरा खटल्यात तोडावा लागला. त्या काळात आमच्या उपनगरांत काय चालले होते ते जुन्या माणसांना विचारा. खाडीकाठच्या झाडीत हातभट्ट्या पेटल्या, मोटारींच्या ट्यूबा भरभरून माल शहरात उतरू लागला, गल्लोगल्ली आंटीचे अड्डे झाले. वसंतराव नाइकांच्या काळात, १९६३ नंतर, सरकारने बंदी सैल करीत आणली. परवाने आले, दुकाने आली. सैल झाली ती विक्री. घरची चूल मात्र १९४९ मध्येच राहिली.

जगात अन्यत्र काय झाले? इंग्लंडात १८८० पासून घरी बियर करणाऱ्याला परवाना लागे. १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली तरी घरच्या बियरची मनाई पंचेचाळीस वर्षे तशीच रेंगाळली. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलनची मुभा मिळाली, अट एवढीच की विकायची नाही. अंधेरीत काचेमागे जे हंडे दिसतात त्या साऱ्या पंथाचा उगम अशाच गॅरेजांत आणि स्वयंपाकघरांत झाला. आपण पंथ आयात केला. ज्या चुलीवर तो जन्मला ती मात्र बेकायदेशीर ठेवली.

आता कोणी म्हणेल, घरी करू दिले तर विषारी दारूची प्रकरणे वाढतील. हा आक्षेप ऐकला की मला संताप येतो, कारण त्यातच आपल्या अज्ञानाचे मूळ आहे. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर गेली. विक्रोळी आमच्यापासून चार स्टेशनांवर आहे. या माणसांना जवाने मारले नाही, आंबवण्यानेही मारले नाही. मारले ते मिथेनॉलने. कारखान्यात वापरायचे ते द्रव्य. स्वस्त पडते म्हणून त्याची भेसळ होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी दृष्टी जाते, मग प्राण. जव आंबवून जे होते त्यात चार-पाच टक्के साधे अल्कोहोल असते. मिथेनॉल असलेच तर इतके नाममात्र की त्याने कोणी आंधळा होत नाही. घरच्या बियरमध्ये अस्वच्छता झाली तर ती आंबट होते, नासते. साखर जास्त पडली तर बाटली फुटून काच लागू शकते. ही तिची खरी संकटे. पण आपल्या कायद्याला आणि आपल्या भाषेलाही या सगळ्यासाठी एकच शब्द माहीत आहे: दारू! आंबवलेली ती दारू, गाळलेली ती दारू, विष कालवलेले तीही दारू. ज्या समाजाने करण्याचे ज्ञान घरातून हद्दपार केले, त्याला काय प्यावे आणि कशाने मरावे यांतला फरक कोण शिकवणार? मालवणीचा गरीब मजूर घरी लागर करीत बसला असता असे मी म्हणत नाही. तेवढा मूर्ख मी नाही. मी म्हणतो ते एवढेच, की त्याच्या मृत्यूचा दाखला देऊन माझ्या जवाच्या पाण्याला फाशी देऊ नका.

एक आक्षेप मात्र असा आला की त्यापुढे माझी लेखणी थबकली. तो कोणा विद्वानाचा नव्हे. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. त्यांच्या नवऱ्याने संसार बाटलीत बुडवला. दोन मुली त्यांनी एकटीने वाढवल्या. त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान मागितले तेव्हा त्या आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरल्या होत्या. माझे म्हणणे त्यांनी पोळपाटावरून मान वर न करता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, दुकानाची बाटली आडवी करता येते. घरातच बनायला लागली, तर घर कसं आडवं करायचं?"

दोन दिवस मी काही लिहू शकलो नाही. मग उत्तर सुचले ते घेऊन त्यांच्याकडेच गेलो. म्हटले, परवाना असावा; पण त्यावर घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही असावी. बायकोची, आईची, सुनेची. एकीने जरी नाही म्हटले तरी परवाना नाही. आणि दिलेली सही तिला कधीही परत घेता यावी. मावशी म्हणाल्या, "आणि सही मारून घेतली तर?" मारून या शब्दावर त्यांनी जो भार दिला, तो मी विसरणार नाही. मी म्हटले, ती सही घरात घ्यायचीच नाही. कचेरीत, बाई अधिकाऱ्यापुढे, नवऱ्याला बाहेर बसवून घ्यायची. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मी त्यांना विचारले, "मावशी, तुमचे यजमान परवान्याच्या दुकानातून बाटली आणत, तेव्हा तुमची सही कोणी घेतली होती का?"

"माझी सही?" त्या हसल्या, पण ते हसू पाहण्यासारखे नव्हते.

वाचकहो, इथेच माझ्या कैफियतीचा गाभा आहे. आजचा पाच रुपयांचा कागद घरातल्या बाईला विचारत नाही. दुकान विचारत नाही, काचेपलीकडचे हंडे विचारत नाहीत, उत्पादन शुल्क मोजणारे सरकार तर नाहीच नाही. घरात बियर बनवण्याची मुभा घरच्या बाईच्या संमतीवर टांगली, तर पेयाच्या बाबतीत या राज्यात प्रथमच तिला नकाराचा हक्क मिळेल. आणि एक गोष्ट मास्तर म्हणून सांगतो. ज्याला आज संध्याकाळी घसा ओला करायचा आहे तो माणूस जव भिजवून, आयोडिन टाकून, दोन महिने फ्रिजपुढे बसत नाही. व्यसनाला धीर नसतो. कायद्याने मनाई केली आहे ती नेमकी धीर धरणाऱ्याला, आणि रस्ता मोकळा ठेवला आहे तो घाईत असणाऱ्याला.

तेव्हा माझे मागणे असे. गाळण्यावरची बंदी अशीच कडक राहो. भट्टी ही घरात पेटवण्याची वस्तू नव्हे. फक्त आंबवण्याची मुभा द्या. एका घराला वर्षाला शंभर लिटर पुष्कळ झाले. आठवड्याला दोन लिटर पडतात. विक्री केली तर परवाना जप्त. ज्या वर्धा-गडचिरोलीने दारूबंदी स्वीकारली आहे, त्यांच्या सीमेत ही मुभा नको. त्या लढ्यात बायकांनी जे मिळवले त्याला माझ्या छंदाने धक्का लागता कामा नये. आणि सह्यांची अट सर्वांत वर, ठळक अक्षरांत.

हा मसुदा मी सौ.ला वाचून दाखवला आणि विचारले, "तू सही करशील?" तिने अनारशांचा डबा उघडून पीठ बोटाने दाबून पाहिले, पुन्हा झाकण लावले आणि म्हणाली, "करीन. पण तुमचा फ्रिज वेगळा. आणि वर्षातून एकदा मावशींना विचारायचं, काही चुकलं का म्हणून. त्या नको म्हणाल्या की माझी सही गेली."

मला ही दुरुस्ती मान्य आहे. सरकारला जेव्हा मान्य होईल तेव्हा होवो. तोवर आमच्या घरात मुरते आहे ते अनारशांचेच पीठ, आणि त्याला परवाना लागत नाही. दिवाळीत मुलुंडकडे आलात तर जरूर या. फराळ तयार आहे. आणि वाद घालायचा असेल तर मीही तयार आहे.